खांबावरच्या रेघा

सकाळी साडेसहाला किकुएने साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानाचं शटर वर केलं, दारापुढे झाडून पाणी मारलं आणि वरच्या फळीवरच्या बाटल्या एकेक करून पुसल्या. जवळजवळ तीन किलोच्या त्या चोवीस बाटल्या दुकानाची शान होत्या. फळीखालच्या बाकावर रोज दुपारी सेन्नोसुके आणि दोन म्हातारे कोळी पेला घेऊन बसत.

शेजारच्या खांबावर दिवंगत नवऱ्याने पेन्सिलीने मारलेल्या रेघा होत्या, दर भूकंपाची एक. समुद्राखालच्या एकाच जागी, साधारण दर साडेपाच वर्षांनी, तेवढ्याच ताकदीचा धक्का बसे. त्याची वेळ जवळ आली की ती बाटल्या खाली उतरवी. तिच्या हिशेबाने अजून दोन वर्षं होती.

दुपारी सेंदाई शहरातून भाचा नाओझुमी आला. तो विद्यापीठात भूकंपांचा अभ्यास करी. खांबापाशी थांबून त्याने रेघा मोजल्या.

"आत्या, दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतरच्या रेघा कुठायत?"

"ते धक्के म्हणजे त्या मोठ्याचंच शेपूट. आपल्या खांबावरचे नव्हेत ते."

"आपलेच. भूकंपमापकाच्या कागदावरची लाट अगदी तीच, एकाच हातची सही असावी तशी. समुद्रतळाखालच्या भेगेवर, म्हणजे भ्रंशावर, खडकाचा एक तुकडा घट्ट चिकटलाय आणि भोवतालचा भाग सरकतोय. ताण असह्य झाला की तुकडा सुटतो. मोठ्या धक्क्यानंतर सरकणं वाढलं, म्हणून तो अकरा वेळा लवकर लवकर सुटला. मग अंतर वाढत गेलं."

"म्हणजे तुझ्या आतोबांचं गणित चुकलं म्हणतोस?"

"त्यांच्या हयातीत बरोबर होतं. नंतर तूच अकरा रेघा गाळून पुढे मोजत बसलीस."

किकुए हसली. "बरं, मास्तर. मग पुढचा कधी?"

"माझ्या गणिताने या हिवाळ्यात. पण ते गणित आहे, बसचं वेळापत्रक नव्हे."

तेवढ्यात सेन्नोसुके आत येऊन नेहमीच्या जागी टेकला. "हिवाळ्यात काय? नवी साके?"

"तुझ्या टाळक्यावर बाटली," किकुए म्हणाली.

"मग चांगल्यातली पाड. स्वस्तातलीने मेलो तर पोरं नावं ठेवतील."

किकुएने फळीकडे पाहिलं, मग त्याच्या विरळ पांढऱ्या केसांकडे. नवऱ्याच्या रेघांवरचा तिचा विश्वास ढळला नव्हता. त्या अपुऱ्या राहिल्या होत्या, एवढंच.

"सेन्नोसुके, जरा ऊठ."

भाच्याने शिडी धरली. चोवीसच्या चोवीस बाटल्या जमिनीवरच्या लाकडी खोक्यांत गेल्या. रिकाम्या फळीवर तिने कागदी पंखे मांडले, मग पेन्सिलीला टोक काढलं आणि नाओझुमीला तारखा विचारून विचारून खांबावर अकरा रेघा मारल्या.

सेन्नोसुके पुन्हा बाकावर बसला. तिने त्याचा पेला भरला.