सगळ्यात स्वच्छ पंधरवडा

माझ्या तोंडी लागू नका, असं धक्क्यावर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. खरं आहे ते. मला बडबडी माणसं आवडत नाहीत आणि गप्प बसणारी तर त्याहून आवडत नाहीत. तीस वर्षं मी एका पट्टीकडे बघून आकडे लिहितोय. त्याने कुणाचा स्वभाव गोड होत असेल तर सांगा, मी अजून वाट बघतोय.

पट्टी म्हणजे धक्क्याच्या शेवटच्या खांबाला ठोकलेली, रंगाने आकडे घातलेली. भरतीचं पाणी चढून थांबलं की एक आकडा, ओहोटीचं तळाला जाऊन थांबलं की दुसरा. दोन्ही वहीत, वेळेसकट. शेजारी माझी खोली. एक टेबल, एक खिडकी, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची आमच्या हिची. दुपारी डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत समोर बसून माझ्या अक्षराला नावं ठेवायची. आम्हाला मूलबाळ नाही. ती गेल्याला अकरा वर्षं झाली. खुर्ची काढून टाका, जागा होईल, असं मला दोघातिघांनी सुचवून बघितलं आणि ते परत माझ्या वाटेला गेले नाहीत.

मग तीन वर्षांपूर्वी पाच देशांना एकदम जाग आली. समुद्र दिवसातून चार वेळा येतो-जातो, फुकट येतो, फुकट जातो, त्याच्यापासून वीज का करू नये? एकट्या देशाला झेपणारं काम नाही, म्हणून पाचांनी मिळून करायचं ठरवलं. एकाने लाटांवर डुलणारं यंत्र करायचं, एकाने पाती, एकाने तळाशी टाकायची केबल. आमच्या वाट्याला आलं खाडीचं तोंड. तिथे पाणी असं धावतं की उभ्या माणसाचे पाय ओढून नेईल. त्या धारेत, पाण्याखाली, पंख्यासारखं मोठं यंत्र उभं करायचं.

पाच देशांत पाच ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी आकडे वाचणारा एकेक माणूस. दर गुरुवारी सकाळी दहाला सगळ्यांचा एकत्र फोन. स्वयंचलित यंत्रं बसवली आहेत, पण माणसाने वाचलेला आकडा त्यांच्याशी जुळतो का, हे बघायचं म्हणून आम्ही आठवड्याचे आकडे एकामागून एक मोठ्याने वाचायचे. नावं कुणाची कुणाला उच्चारता येत नाहीत, म्हणून नंबर. एक नंबर सगळ्यांचा साहेब. चार नंबर खोकतो. पाच नंबरचा फोन लागेपर्यंत निम्मा वेळ जातो. मी तीन.

आणि दोन नंबर एक बाई आहे. आवाजावरून माझ्याच वयाची असेल. माझी पाळी आली की आधी ती विचारायची, “गुड मॉर्निंग, थ्री. कोल्ड?”

मी म्हणायचो, “कोल्ड.” किंवा उन्हाळ्यात, “नो कोल्ड.”

तीन वर्षांत आमचं एवढंच बोलणं झालं. हसू नका. आठवड्यात माझ्याशी आपणहून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्या एका शब्दासाठी मी गुरुवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसायचो. फोनवर शर्ट कुणाला दिसतोय? दिसत नाही, ठाऊक आहे मला.

आमच्या बाजूने या कामावर एक तिशीची इंजिनीअर आहे. मला काका म्हणते. मी तिला बाई म्हणतो, कारण तिला ते आवडत नाही. माझं बोलणं फोनवर त्यांच्या भाषेत तीच सांगते. एका मंगळवारी ती धावतच खोलीत आली आणि लॅपटॉप माझ्या वहीवर ठेवला.

“काका, आज चहा तुमच्याकडून!”

“वही दबतेय,” मी म्हटलं.

“अहो, ऐका तर. पाचही देशांच्या जुन्या नोंदी तपासल्या. मोठ्या भरतीपासून मोठ्या भरतीपर्यंत असा एक पूर्ण पंधरवडा आम्हाला हवा होता, ज्यात वाचणाऱ्याची चूक कमीत कमी असेल. तो प्रमाण धरून बाकीचं सगळं मोजायचं, यंत्र किती खोल बसवायचं तेही. हजारो पंधरवड्यांतून कुणाचा निघाला असेल?” तिने माझ्याकडे बोट केलं. “तुमचा! सगळ्यात स्वच्छ पंधरवडा. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकात आधीच जे लिहिलेलं असतं, त्याच्यापासून पाणी बोटभरापेक्षा जास्त हललेलं नाही.”

तिने तारीख दाखवली. ती मला वहीत शोधावी लागली नाही.

समुद्र आणि शिस्त! तीस वर्षांत समुद्र एक दिवस कोष्टकाप्रमाणे वागला नाही. वारा जमिनीकडून सुटला की पाणी खाली दबतं, समुद्राकडून सुटला की वर चढतं. पण ही शाळेत शिकलेली माणसं. त्यांना वाटतं, आकडे जुळले म्हणजे वाचणारा भला माणूस.

“आणि खूप खाली गेलेले तुमचे काही आकडे आहेत ना,” ती पुढे म्हणाली, “एकशे बारा आहेत. ते या पंधरवड्याशी जुळत नाहीत, म्हणून वाचनातली चूक समजून बाजूला काढलेत. काळजी करू नका, तीस वर्षांत तेवढं होतंच.”

“चूक?” मी ओरडलो. “माझी?”

“काका, मी म्हटलं ना, होतं तेवढं.” तिला वाटलं, मी नेहमीसारखा भडकलो. ती हसत हसत निघून गेली. जाताना सांगून गेली की गुरुवारी फोनवर एक नंबर स्वतः माझं अभिनंदन करणार आहे.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तो पंधरवडा मी पट्टीकडे फिरकलोच नव्हतो. आमची ही दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी मी निघायला लागलो, तेव्हा तिने विचारलं, “कुठे?”

“ओहोटी लागेल दोन वाजता.”

“लागू दे. तीस वेळा सांगितलं असेल तुम्ही मला, कोष्टकात सगळं छापून येतं म्हणून. मग बघा छापलेलं आणि लिहा इथेच बसून. समुद्र काय तक्रार करायला येतोय?”

मी कोष्टक आणि वही तिच्या खाटेशी आणली. पहिले एक-दोन दिवस उगाच बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत होतो, खरं वाटावं म्हणून. पुढे तेवढंही डोकं जाग्यावर राहिलं नाही. जसं छापलंय तसं उतरवायचो. ती रोज विचारायची, “आज पाणी किती आलं हो?” मी कोष्टकातला आकडा सांगायचो. ती म्हणायची, “मग बरोबर आलं.” पंधराव्या दिवशी तिने विचारलं नाही.

तिला पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी पट्टीपाशी हजर झालो. तेव्हा धक्क्यावरची माणसं सांगत होती, मधल्या आठवड्यात जमिनीवरचा वारा असा सुटला होता की ओहोटीला पाणी कधी नव्हे तेवढं खाली गेलं. दोन होड्या चिखलात बसल्या, एकीचा तळ फाटला. मी वहीत बघितलं. माझा आकडा खऱ्या पाण्याच्या दोन हात वर होता. तेव्हाच खोडता आला असता. पण खोडायचा म्हणजे कारण लिहायला हवं. मी वही मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता मूठ पाच देश उघडायला बसले होते. यंत्र जितकं वर, तितकी धार जोराची, म्हणून ही मंडळी वितीवितीसाठी भांडत होती. माझ्या त्या आकड्यावर विसंबून पातं बसवलं, की पुढच्या तसल्या वाऱ्यात ते ओहोटीला उघडं पडणार. निम्मं पाण्यात, निम्मं हवेत. मोडेल. दुरुस्तीची होडी बाजूला असेल तर तीही जाईल, माणसांसकट.

आणि सांगितलं तर? खोटे आकडे लिहिणाऱ्याला कोण ठेवतं? पट्टी जाणार, खोली जाणार, गुरुवार जाणार. नोकरीचं मला फारसं काही नाही, दोन वर्षांत तशीही सुटणार होती. मला गुरुवारचं वाटत होतं. खरं सांगतो, फाटक्या होडीपेक्षा, मोडक्या पात्यापेक्षा आधी मला त्या “कोल्ड?”ची आठवण झाली. माणूस एकटा राहिला की असा कोता होतो.

बुधवारी मी तिच्या खुर्चीवर बसून जेवलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिकडून माझी खुर्ची, टेबल, वही सगळं दिसतं. ती काय बघायची रोज, ते कळलं. काही नाही, एक चिडका माणूस मान खाली घालून जेवतोय.

“आला बघ तुझा समुद्र,” मी मोठ्याने म्हटलं. “आला तक्रार करायला.”

गुरुवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दहाला फोन लागला, पाच नंबरसुद्धा वेळेवर. एक नंबरने लांबलचक काहीतरी सुरू केलं, त्यात माझा ‘थ्री’ दोनदा आला. मी इंजिनीअर मुलीला म्हटलं, “त्यांना थांबवा.”

“काका, ते तुमचं कौतुक करतायत.”

“म्हणूनच थांबवा. आणि मी बोलतो ते जसंच्या तसं सांगा, आपल्या पदरचं काही घालू नका. तो पंधरवडा खोटा आहे. मी पट्टीपाशी नव्हतो. कोष्टक बघून लिहिलं. खरे आहेत ते माझे एकशे बारा आकडे, जे तुम्ही फेकलेत. त्या पंधरवड्यात होड्या चिखलात बसल्या होत्या, बंदराच्या दप्तरात बघा.”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिने सांगितलं. शेवटी तिने आपणहून विचारलं, “पण का, काका?”

“बायको दवाखान्यात होती. त्याच पंधरवड्यात गेली.”

हेही तिने सांगितलं. चार नंबर खोकायचा थांबला होता. मग दोन नंबरची बाई बोलली, हळू, दोन-तीन वाक्यं. मुलगी माझ्याकडे वळली.

“त्या विचारतायत, काकूंना त्रास फार झाला का?”

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारतील कसे? कागदोपत्री मी रोज धक्क्यावर पाणी मोजत होतो. त्यामुळे तिच्या उशाशी कोण होतं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

“शेवटचे चार दिवस झाला,” मी म्हटलं. “त्याआधी थट्टा करायची.”

मुलीने सांगितलं. बाईने उत्तर दिलं.

“त्या म्हणतात, बरं केलंत, नाही गेलात पट्टीपाशी.”

मग एक नंबर बोलला. रागावला नाही. रागावला असता तर मला भांडता तरी आलं असतं. खरं सांगितल्याबद्दल आभार मानले. आणि पुढे नियम सांगितला. ज्याने एकदाही मनाने आकडे लिहिले, त्याचं वाचन पाच देशांच्या कामात यापुढे धरता येत नाही. तीन नंबरचं आता यंत्रच वाचेल. फोन संपताना एकेकाने निरोप घेतला. दोन नंबर म्हणाली, “गुड बाय, थ्री.” कोल्ड विचारायचं आज राहूनच गेलं.

बंदराच्या दप्तरात होड्यांची नोंद सापडली. माझे एकशे बारा आकडे परत घेतले आणि यंत्राचं पातं दोन हात खाली बसवलं. हे मला धक्क्यावरून कळलं. पट्टी अजून खांबाला आहे. मी अजून वाचतो, वहीत लिहितो, वही कुठेही जात नाही. गुरुवारी दाढी करायचं सोडून दिलंय. तरी दहा वाजले की हात आपोआप फोनकडे जातो.

परवा ती मुलगी आली. उगाच आली होती, काम काही नव्हतं. तिने नव्या नोंदींचा छापील कागद आणला होता, पाच देशांचे शिक्के असलेला. माझ्या रकान्यात तीस वर्षं खचाखच भरलेली आणि मध्ये पंधरा घरं कोरी. त्यांच्यासमोर शेऱ्याच्या जागी त्यांच्या भाषेत बारीक अक्षरांत काही छापलेलं होतं.

“हे काय लिहिलंय?” मी विचारलं.

ती जरा घुटमळली. “राहू द्या ना, काका. तशी पद्धत असते.”

“वाचा म्हणतो ना!”

“वाचणारा हजर नव्हता.”

मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि समोरच्या खुर्चीवर ठेवला.

“खरं आहे,” मी म्हटलं. “नव्हतो मी इथे.”