बरगडीपाशी दोन बोटं

माझा धाकटा म्हणजे आडमुठेपणाचा अर्क. चार दिवस घरात माझ्याशी अबोला, आणि पाचव्या दिवशी सकाळी ऑपेरा हाऊसच्या शिवणाच्या खोलीत येऊन उभा. "माप घे, आई." जणू मी पगारी शिंपीण! आहेच म्हणा, चाळीस वर्षं.

भांडण ऑपेरातल्या त्याच्या भूमिकेवरून होतं. तो टेनर गायक. टेनर म्हणजे पुरुषांतला उंच आवाज. पण त्यातही एक हलका, एक भारी. हलका भरभर ताना घेतो, वर जाईल तसा गोड होतो. भारी टेनरला साऱ्या वाद्यांच्या डोक्यावरून गरजावं लागतं. धाकट्याचा गळा हलका, थेट बापाचा. आणि याने घेतलं भारी गळ्याचं, सेनापतीचं काम!

मी चार यत्ता शिकलेली. सुरांची नावं मला येत नाहीत. पण गाणाऱ्याचा कोट बेतताना मी माप दोनदा घेते, एकदा तो गप्प असताना, एकदा गाताना. खरा गाणारा श्वास भरतो तेव्हा पाठीकडच्या बरगड्या फुलतात. तिथे मी दोन बोटं कापड जास्त सोडते. आमच्या ह्यांना अडीच लागायची.

हे रोज सकाळी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून तिच्यासमोर गात. एकच सूर बारीक धरायचा, फुलवायचा, पुन्हा बारीक करायचा; ज्योत हलता कामा नये. मी म्हणायची, "अहो, त्यापेक्षा ह्या भांड्यांवर फुंकर घाला, सुकतील तरी!" हे हसले की ज्योत विझायची. मग यांनाही सेनापती मिळाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. तीन वर्षांत गळा बसला आणि हे कोरसच्या मागच्या रांगेत गेले.

धाकट्याच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवला, बरगड्यांभोवती टेप धरली. "गा."

टेप तसूभर हलली नाही. मान मात्र फुगली, आणि कॉलरचा टाका टर्रकन उसवला.

"कॉलर सैल कर," तो म्हणाला.

"कॉलर नाही, काम बदल."

"तुला काय कळतं गं गाण्यातलं? बाबांनी हेच काम केलं. पुढे रिटायर होईपर्यंत कोरसात गायले. गेला का आवाज?"

तोंडातल्या टाचण्या मी एकेक करून काढल्या.

"शेवटची सहा वर्षं ते गात नव्हते. नुसते ओठ हलवायचे."

"काहीतरीच!"

"मी पडद्याआड उभी असायची. रांगेतल्या सगळ्यांच्या पाठी हलायच्या. यांचीच हलायची नाही. माझ्याच हातचा कोट, मला नाही कळणार?"

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "तुला कळलंय, हे त्यांना ठाऊक होतं?"

"नाही. दर प्रयोगानंतर मी म्हणायची, आज आवाज छान लागला हो. ते मान डोलवायचे."

डोळे पुसायला त्याने बाही वर नेली. ती मी धरली.

"जन्मभर त्यांची मूठ झाकून ठेवली होती मी," मी म्हटलं. "आज तुझ्यापायी उघडावी लागली. गळा घालवला असतास तर एक वेळ माफ केलं असतं. हे नाही करणार. ऊठ. उतरव तो कोट."