शिंपीकाकांचा चेहरा

लग्नानंतर एकविसाव्या दिवशी नवरी स्टुडिओत आली. केस कसेबसे बांधलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. फोटोवालीला वाटलं, अल्बमसाठी मागे लागायला आली असणार.

"अगं, रंगांचं काम चाललंय अजून. पंधरा दिवस तरी..."

"बाबा गेले," नवरी म्हणाली.

तिचे वडील शिंपी. दुकानात कापड बेततानाच कोसळले. पाच दिवस हॉस्पिटलात होते, तोंडात नळ्या, चेहरा सुजून ओळखू न येण्याइतका झालेला.

"आईला आता तोच चेहरा दिसतो. डोळे मिटले की तोच. म्हणते, माझा माणूस मला आठवतच नाही गं. जेवत नाही, झोपत नाही. घरात फोटो म्हणावा तर ओळखपत्रावरचा, वीस वर्षांपूर्वीचा, तोही पुसट. ताई, लग्नातला एक फोटो द्या ना. हसरा नसला तरी चालेल."

"एक कशाला, ढीगभर असतील," म्हणत फोटोवालीने कॉम्प्युटर लावला. चार हजार सहाशे फोटो होते.

अर्ध्या तासाने ती पुन्हा पहिल्या फोटोपासून बघू लागली.

शिंपीकाका होते, नव्हते असं नाही. पण नवरीच्या खांद्यामागे नुसता करडा ठिपका होऊन. स्वतः शिवलेला नवरीचा झगा नीट करताना कॅमेऱ्याकडे पाठ करून. घेराला टाचणी लावतानाचे त्यांचे हात तर इतके सुरेख आले होते की बोटावरची सुईची भोकं मोजावीत. पण फोटो मनगटापाशी संपत होता. ड्रोनमधून घेतलेल्या चित्रणात त्यांचं टक्कल दिसत होतं.

दोघींनाही कारण ठाऊक होतं. लग्नाआधी नवरी मोबाइलभर नमुने घेऊन आली होती. पुढे फक्त दोघं, मागचं सगळं धूसर. हातांचे, बुटांचे, पापण्यांचे फोटो. कुणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. "आणि ते रांगेत उभे करून काढतात ना, तसले अजिबात नकोत हं. शाळेच्या वर्गाचा फोटो वाटतो." फोटोवालीला तर हायसं वाटलं होतं. असल्या रांगा लावून ती कंटाळली होती, आणि तिचं नाव झालं होतं ते याच धूसर फोटोंमुळे.

"तुम्ही परत बघा," नवरी म्हणाली. "असेल. असणारच."

फोटोवालीने दोन दिवस दुसरं काम केलं नाही. टाकून दिलेले फोटो उकरले. एका ठिकाणी थोडंसं सापडलं: सलग सात फोटोंच्या पहिल्यात शिंपीकाकांची बाही आणि अर्धा कान, दुसऱ्यात काहीच नाही. तिला आपलाच आवाज आठवला. "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." ते "हो हो, सॉरी हं" म्हणत चटकन सरकले होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात.

मग तिने करू नये ते केलं. त्यातल्या त्यात बरा धूसर फोटो कॉम्प्युटरला देऊन चेहरा ठळक करून घेतला. आला, चांगलाच आला. डोळे, भुवया, मिशीचा एकेक केस. ती प्रिंट घेऊन नवरीच्या माहेरी गेली.

काकू, नवरीची आई, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"हे कोण?" त्यांनी मुलीला विचारलं. मग त्यांनी तिचं मनगट धरलं. "अगं, हे कोण आहेत? की मीच विसरले? मी त्यांना विसरले का गं?"

नवरीने फोटो हिसकावून घेतला आणि फोटोवालीला दाराबाहेर काढलं. "काय दिलंत तुम्ही हे तिच्या हातात?"

"चुकलं माझं. मला एक दिवस द्या."

त्या दिवशी तिने पाहुण्यांची यादी घेऊन एकशे दहा फोन केले. तुमच्या मोबाइलमध्ये नवरीचे वडील आलेत का? लोक बिचारे शोधून पाठवत होते. सगळ्यांनी नवरा-नवरीच टिपले होते. एकाने स्वतःचे चाळीस सेल्फी पाठवले. एका मावसभावाने सरळ सुनावलं, "फोटो काढायला तुम्हाला बोलावलं होतं ना?" ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

यादी संपल्यावर ती दुकानात गेली. शटर अर्धं उघडं होतं. आत काजं-बटणं करणारी मावशी एकटीच बसून राहिलेलं काम उरकत होती. सगळं ऐकून तिने सुई कापडात खोचली.

"मला फोन नाही आला."

"यादीत तुमचं नाव नव्हतं, मावशी."

"नसेल. आम्ही मागच्या दाराने आलो होतो, झगा घेऊन." तिने तडा गेलेला मोबाइल पुढे केला. "तुम्हाला म्हटलं होतं मी, ताई, आमच्या दुकानाचा एक रांगेत काढा. तुम्ही म्हणालात, नंतर. मग आचाऱ्याला सांगून काढून घेतला."

हॉलच्या मागच्या भिंतीपाशी चौघं ताठ उभी होती, वर्गाच्या फोटोत असतात तशी. कोपऱ्यात आचाऱ्याचं बोट आलं होतं. डावीकडून दुसरे शिंपीकाका. उन्हाने डोळे किलकिले झालेले, गळ्यात मापाची पट्टी, आणि चेहरा, सगळाच्या सगळा चेहरा, स्वच्छ.

फोटोवाली तिथेच चिंध्यांच्या गाठोड्यावर बसली आणि रडली. मावशीने तिला पाणी दिलं, पण "असू दे" असं काही म्हणाली नाही.

यावेळी ती घरात शिरली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहिली. नवरीने फोटो आईच्या हातात दिला. काकूंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मग त्यांनी फोटोवर बोट आपटलं.

"पट्टी काढायची नाही का गळ्यातली? पोरीच्या लग्नात? मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला! दोनदा!" आणि तो कागद छातीशी धरून त्या इतक्या मोठ्याने रडल्या की शेजारचं दार उघडलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडत होत्या, हे नवरीने नंतर सांगितलं.

संध्याकाळी काकूंनी दोन घास खाल्ले. फोटो ताटाशेजारीच ठेवला होता.

नवरी फोटोवालीला जिन्यापर्यंत सोडायला आली. कठडा धरून उभी राहिली.

"ताई, चार हजारांत... माझा आणि बाबांचा, दोघांचे चेहरे दिसतील असा एकही नाही ना?"

फोटोवालीने एकेक फोटो तीन-तीनदा पाहिला होता.

"नाही," ती म्हणाली.

नवरीने मान हलवली. खाली जाताना फोटोवालीला दार लागल्याचा आवाज आला नाही. ती वळून बघायला धजली नाही.