न लागलेली गोळी

माझे आजोबा शिवदास लंगडत चालायचे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरवर पॅराशूटने उतरताना जपान्यांची गोळी त्यांच्या मांडीत घुसली, असं बाबांनी मला लहानपणापासून सांगितलं. नोकरीसाठी मी इथे सिंगापूरला आले ती हे नागपूरभर मिरवूनच. गेली आठ वर्षं दर बुद्धपौर्णिमेला आम्ही टॅम्पिनीसच्या घरून क्रांजीच्या युद्धस्मारकावर जातो. आजोबांच्या सोबत्यांसाठी पांढरी फुलं ठेवतो, त्रिशरण म्हणतो.

उद्या माझी लेक दीक्षा हीच गोष्ट वर्गात सांगणार होती. तिच्या टीचरला उडीची नेमकी तारीख हवी होती, म्हणून मी आजोबांच्या एअरबोर्न डिव्हिजनचा इतिहास मागवला. बारीक टायपातली दोनशे पानं. प्रशिक्षण, सराव, आणखी सराव, आणि युद्ध संपल्यावर विसर्जन. डिव्हिजन एकदाही लढाईत उतरली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. स्पीकरवर बाबांना फोन लावला.

"बाबा, आजोबांची डिव्हिजन लढलीच नाही म्हणे. मग गोळी कुठून आली?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "सरावाच्या उडीत पाय मोडला होता त्यांचा. शाळेत पोरं मला 'लंगड्याचा' म्हणून चिडवायची. एक दिवस मी गोळी सांगून टाकली. ती गावभर झाली."

"आणि आजोबा?"

"ते खरं तेच सांगायचे गं. लोकांना तो विनय वाटायचा. मग त्यांनी बोलणंच सोडलं."

बारा वर्षांची असताना मी हीच गोळी सांगून वक्तृत्वात पहिला नंबर आणला होता. आजोबा पहिल्या रांगेत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "बेटा, उडी मारताना फार भीती वाटायची." मी खदखदा हसले. शूर माणसं अशीच थट्टा करतात, हेही मला बाबांनीच शिकवलं होतं. माझ्याच तोंडून त्यांनी आजोबांना खोटं पाडलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही.

"जाऊ दे ना आता," बाबा म्हणाले. "पोरीला उद्या गोळीचंच सांगू दे. तिची शान राहील."

दीक्षा शेजारीच बसून ऐकत होती. ती फोनकडे वाकली. "नाना, यू लाइड टू मम्मी ऑल्सो?"

"हॅलो? हॅलो?" बाबा म्हणाले. "आवाज तुटतोय गं. नंतर बोलू."

आवाज अजिबात तुटत नव्हता. त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा मला स्वच्छ ऐकू आली.