उन्हाची दुरुस्ती

कुलरचा पंखा घरघरत होता आणि आम्ही तिघेही पडद्यावरच्या त्या सरळ रेषेकडे पाहत बसलो होतो. रेषा वाकायला हवी होती. चाळीस दिवस अकोल्याचे ऊन छत्तीस अंशांवरून पंचेचाळीसपर्यंत चढत गेले, आणि आमच्या कड्याने पहिल्या दिवशी जो भार दाखवला, तोच चाळिसाव्या दिवशीही दाखवला. यंत्र घडवणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असा तो अचूकपणा होता. बाबांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"अरे, बोला न कोनी," उस्मानचाचा शेवटी म्हणाले. "कोन मेलं काय इथं?"

आणि लगेच त्यांनी जीभ चावली. आई जाऊन सहाच महिने झाले होते.

जठारपेठेतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे कडे जन्माला आले. बाबा बावीस वर्षे दालमिलमध्ये फिटर होते. चालत्या शाफ्टवर भार किती पडतो आहे आणि फिरता फिरता नेमक्या कोणत्या कोनात पडतो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणारे एक कडे असावे, हे त्यांचे जुने वेड. उस्मानचाचांनी आपल्या लेथवर ते पोलादी कडे कातून दिले. आत ताण मोजणाऱ्या केसाएवढ्या पातळ पट्ट्या आणि कोन सांगणारे एक चुंबक बसवले. आकड्यांचा हिशेब लावणारा प्रोग्राम माझा. मी अमरावतीला इंजिनीअरिंगला होते आणि दर शनिवारी घरी येत असे.

चाचणीसाठी रोज फिरणारे, रोज भार पेलणारे काहीतरी हवे होते. घरात तसे एकच यंत्र होते, आईचे शेवयांचे. ती हाताने ते फिरवून उन्हाळाभर गल्लीतल्या बायकांना शेवया करून देई. बाबांनी त्याच्या दांड्याजवळ कडे चढवले.

"माह्या बांगडीपेक्षा मोठं कडं या यंत्रालेच आनलं तुमी," आई म्हणाली होती. "सवतच म्हना."

"सवत बोलत नाई न पन," बाबा म्हणाले होते.

"हो, म्हनूनच तिच्याकडे पायत बसता दिवसभर."

ते मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीचे दिवस होते. मार्च आला, एप्रिल आला, ऊन चढत गेले आणि कड्याने दाखवलेला भार हळूहळू कमी होऊ लागला. बाबांनी त्यावर रात्रंदिवस विचार केला. "गर्मीनं पट्ट्या सैल पडून राहिल्या," त्यांनी निदान केले. मी एका बाजूला तापमान आणि दुसऱ्या बाजूला भार मांडला, आणि अशी रेषा उमटली की कॉलेजात प्राध्यापकांना दाखवण्याचा मोह आवरला नाही. तिच्यावरून मी सूत्र बांधले : उन्हाच्या प्रत्येक अंशामागे कड्याने दाखवलेल्या वाचनात इतकी भर घाला. ती भर घातली की आकडे पुन्हा फेब्रुवारीसारखे भरदार दिसत. आमच्या पेटंटच्या अर्जात नवे म्हणावे असे होते ते हेच सूत्र. बाबा त्याला 'उन्हाची दुरुस्ती' म्हणत.

यंदा मार्चमध्ये पेटंट ऑफिसचे पत्र आले. तपासनिसाने विचारले होते : उष्णतेमुळे होणारी ही घट फिरण्याच्या सर्व कोनांत सारखी असते काय? माणसाच्या हाताऐवजी मोटर लावून तपासले आहे काय? म्हणून यंत्राला मोटर बसली, भार ठराविक ठेवला, आणि आज चाळीस दिवस पूर्ण झाले. आलेखाचा फोटो काढायचा म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"तुयं सूत्र काढून पाय," ते मला म्हणाले.

"काढलेलंच आहे, बाबा. सूत्र लावलं तर आकडा वर जाते. जास्तीचा भार दाखवते."

"म्हंजे गर्मीचा काईच असर नाई?"

"नाही."

"मंग तर चांगलंच झालं!" उस्मानचाचा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "माल पक्का निघाला माहा. मी सांगतच होतो, माह्या लेथवरचं लोखंड उन्हाले भीत नाई. श्यामभाऊ, मिठाई मागवा."

बाबा हसले नाहीत. ते बोटे मोजू लागले, जसे दालमिलमध्ये बिघाड शोधताना मोजत असतील.

"कडं तेच. पट्ट्या त्याच. यंत्र तेच. ऊन तेच." चार बोटे मिटली. अंगठा उघडा राहिला. "मंग मांगच्या साली भार कमी काहून झाला? बदललं काय?"

मला उत्तर ठाऊक होते. आठ दिवसांपूर्वी अमरावतीच्या खोलीवर, तपासनिसाच्या प्रश्नामुळे, मी मागच्या वर्षीची मूळ वाचने पहिल्यांदा कोनाकोनाने उलगडली होती. तोवर मी प्रत्येक फेरीची सरासरीच घेत आले होते. सरासरीत सगळे सपाट होऊन जाते.

बाबांचा अंगठा तसाच उभा होता. मग त्यांनी तो फार सावकाश मिटला.

"जुनं उघड," ते म्हणाले. "सूत्राशिवाय. गोल वालं."

"बाबा, आज राहू द्या."

"उघड म्हनतो न मी."

मी उघडले. पडद्यावर वर्तुळे उमटली, एकात एक, दर दिवसाचे एक. फेब्रुवारीच्या आरंभीची जवळजवळ गोल. मग एका बाजूला, जिथे दांडा छातीपासून दूर वर लोटावा लागतो, तिथे ती किंचित आत दबलेली. पुढच्या आठवड्यात अधिक. मेअखेर त्या जागी वर्तुळाला एक खोल खळी पडली होती. बाकीची सारी परिघरेषा शाबूत. ऊन सगळ्या पट्ट्यांवर सारखेच पडते. कोपरा निवडून दुखते ते फक्त शरीर.

"चकली बिघडल्यावानी दिसते," उस्मानचाचा म्हणाले. त्यांना अजून कळले नव्हते. मग त्यांनी बाबांकडे पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाबांनी बोट पडद्यावर टेकवले. "ही पयली खोच कोन्या तारखेची?"

"अकरा फेब्रुवारी."

मागच्या जूनमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी आईचा उजवा हात उचलून पाहिला होता. मानेच्या मणक्यात गाठ होती आणि ती नसेवर वाढत गेली होती. हात कधीपासून कमजोर झाला, असे त्यांनी विचारले. "आठ-दहा दिवस झाले असतीन," बाबा म्हणाले होते, आणि आईने त्यांच्या शब्दाला मान डोलावली होती. थोडे आधी आणायला हवे होते, इतकेच डॉक्टर म्हणाले. किती आधी, हे आम्ही विचारले नाही.

"एप्रिलात गल्लीतल्या इंदूबाईनं शेवया वापस आनल्या होत्या," बाबा पडद्याशीच बोलावे तसे बोलत होते. "चिकटल्या म्हने. मी तुया आईले म्हनलं, एवढ्या वर्षांत तुले पानी किती टाकावं ते समजत नाई काय. ती हासली फक्त." ते थांबले. "पीठ सैल भिजवत होती ती. घट्ट पीठ लोटल्या जात नव्हतं तिच्यानं."

"भाऊ," उस्मानचाचा म्हणाले, "तुमाले कसं समजावं? भाभीनं खुद सांगतलं नाई."

"सांगतलं, उस्मानभाई. रोज सांगे. हजार हजार फेऱ्या." बाबांनी पडद्यावरची खळी बोटाने हळूच चाचपली. "मी म्हनलं, कडं खोटं बोलून राहिलं."

मला सांगायचे होते की रेषा मी ओढली होती. सूत्र माझे होते. आईच्या हातातून गळणारे बळ मी दर शनिवारी आकड्यांत परत भरत होते आणि सगळे ठीक आहे असा आलेख छापून भिंतीवर लावत होते. तो आलेख पाहून तीच म्हणाली होती, "पाय, तुया प्रोग्रामनं माहा हात कसा मजबूत करून टाकला." तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो. तिला ते ठाऊक होते का? ती थट्टा करतच नव्हती का? हे मला आता कोण सांगणार.

"तुले कवा समजलं?" बाबांनी विचारले.

"आठ दिवस झाले."

"अन् एकटीच घेऊन बसली."

"तुमी पेटंटची इतकी वाट पाहत होते..."

त्यांनी हात वर करून मला थांबवले. त्या हातात राग नव्हता. तो नुसताच वर राहिला आणि मग मांडीवर पडला.

उत्तर पाठवायची मुदत सोमवारी संपत होती. मसुदा पडद्यावर खालीच उघडा होता. दोनच वाटा उरल्या होत्या. सूत्राचा दावा मागे घ्यायचा, म्हणजे अर्जात फारसे काही उरणार नव्हते. नाहीतर ती घट उन्हाचीच होती असे पुन्हा ठासून सांगायचे आणि हे चाळीस दिवस कुठेतरी पुरून टाकायचे. दावा मागे घेतला, तरी जुन्या वाचनांत भार का उतरला, त्याचे स्पष्टीकरण फॉर्मच्या रकान्यात द्यावे लागणारच होते.

मी मसुदा वर आणला. त्या रकान्यात कर्सर उघडझाप करत होता.

"बाबा," मी म्हणाले, "त्यांनी कारण विचारलं आहे. काय लिहू?"

बाबा उठले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडल्या, दारातल्या चपला तशाच सोडल्या, आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी फाटकाकडे चालू लागले. उस्मानचाचांनी हाक मारली. ते वळले नाहीत. मी रकान्यात लिहिले : कडे बरोबर होते; उतरला तो यंत्र फिरवणारा हात.