तुरीच्या शेंगेतला संशयी

मित्रांनो, मी एक फार जुने जनुक आहे आणि स्वभावाने संशयी आहे. जनुक म्हणजे शरीरात लिहून ठेवलेली कृती. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या अंगात माझा मुक्काम असतो. माझ्या कृतीवरून एक विकर तयार होते, म्हणजे विषाची मोडतोड करणारे प्रथिन. अळी घास घेते आणि आम्ही तो तपासतो.

माझा जन्म फवारणीच्या कितीतरी आधीचा. झाडांना अळ्या नकोशा होत्या, म्हणून ती पानांत कडू, जहाल रसायने साठवू लागली. तेव्हापासून गोड घासावरही विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या अंगी मुरले. एकदा नक्कल करताना शरीर चुकले आणि एका कृतीच्या दोन झाल्या. दोन्हींत हळूहळू फरक पडत गेला आणि आमचे घराणे वाढले. आम्ही विषाला ऑक्सिजन चिकटवून त्याचा जोर मोडतो. शेजारच्या एका घराण्याचे काम विषाचे तुकडे करण्याचे, तर दुसऱ्याचे त्याला शेपूट लावून बाहेर घालवण्याचे.

दुधनीजवळ महिपती आणि सोजरबाई यांच्या तुरीत आमची वस्ती होती. फवारताना महिपती बायकोला ओरडून सांगे, "औषध मारतोय, लांब सर!" मला नवल वाटे. औषध? मग ते बरे कुणाला करते?

सुरुवातीला बहुतेक अळ्या मेल्या. ज्यांच्यात माझ्या नकला जास्त होत्या, त्या थोड्या वाचल्या आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच झाली. यंदा पुन्हा पुन्हा फवारूनही शेंगांना भोके पडतच राहिली. तेव्हा कळले, माणसेही माझ्यासारखीच संशयी असतात.

"त्या दुकानदार गुरुबसप्पानं बाटलीत पानीच भरून दिलंय," महिपती म्हणाला.

"काय बी बोलू नगा," सोजरबाई म्हणाली. "इतकी वर्सं त्येंच्याकडनंच आनताय की. तुमीच पंपात पानी जास्त घातलं असंल."

"म्हंजे मी खोटा व्हय?"

महिपतीने भर बाजारात दुकानदाराला खोटा म्हटले आणि दुसरीकडून लाल झाकणाची बाटली आणली. नाव निराळे, चित्र निराळे. फवारा अंगावर पडला आणि मी ओळखले, आतला माल तोच! मोडायची सवयच होती, मोडून टाकला.

इकडे गुरुबसप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक बाटल्या हुंगून परत ठेवू लागले. एके सकाळी म्हातारा स्वतः बांधावर येऊन उभा राहिला.

"महिपती, तुझ्या अळ्या दे. माझ्या परसात तूर हाय, तिला आजवर फवारा लागला न्हाय. तितल्याबी अळ्या घेऊ. बाटली माझी, झाकण तू फोड. परसातल्या अळ्या जगल्या तर माझा माल खोटा. दुकानाला कुलूप लावतो."

"आनि मेल्या तर?"

"तर बाजारात जेवढ्या मोठ्यानं बोललास, तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा बोल."

सोजरबाईने आम्हाला शेंगांसकट एका डब्यात घातले. परसातल्या अळ्या दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे दुकानात मांडले. महिपतीने औषध कालवून दोन्हींत सारखेच शिंपडले आणि डब्यांवरची नजर काढेना. म्हातारा डबे बदलील असे त्याला वाटत होते, आणि म्हाताऱ्याची नजर महिपतीच्या हातावर होती.

दुसऱ्या दिवशी परसातल्या अळ्या निपचित पडल्या होत्या. आमची अळी शेंग पोखरत होती.

"नोडु! बग की!" गुरुबसप्पा ओरडले. "माल खरा हाय. तुझी अळीच पचवतीय त्येला." मग त्यांनी लाल झाकणाची बाटली मागवून बारीक अक्षरे वाचली. "आरं, हे बी तेच की! नुसता झगा बदललाय."

"अप्पा, तुमी तरी दरसाल तेच देत हुता न्हवं?" सोजरबाई म्हणाली.

महिपती दुकानाच्या पायरीवर जाऊन बाजाराकडे तोंड करून ओरडला, "ऐका रं! अप्पाचा माल खरा हाय! मीच उगा बोललो!"

"आनि पंपात पानी बी जास्त न्हवतं," सोजरबाई हळूच म्हणाली.

"ते बी मोठ्यानं बोल की!" महिपती म्हणाला.

गुरुबसप्पांना हसू आवरेना. त्यांनी स्वतः चहा मागवला.

डब्यातली आमची अळी दुकानामागच्या कोंबडीने टिपली. चोच म्हणजे काही विष नव्हे, तिथे माझी कृती चालली नाही. माझ्या नकला मात्र शेतात आहेत, म्हणून हे सांगता येते. आता पुन्हा तेच औषध मारण्याऐवजी रोज सकाळी नवराबायको तुरीखाली पोते अंथरून झाडे हलवतात आणि पडलेल्या अळ्या वेचतात. शेतात रोवलेल्या काठ्यांवर अळ्या टिपायला कोतवाल पक्षी येऊन बसतात. माझे दिवस कठीण आहेत.

तरी मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझे घराणे मोठे आहे. तुरीच्या पिवळ्या फुलावर मधमाशी येते, तिच्याकडे आमचे भाऊबंद फार थोडे आहेत. विष मोडायला तिला कुणाची फारशी मदत नाही. अळीचा राग येईल तेव्हा तिला आठवा आणि फवारणीचा हात थोडा आवरा.