शालूबाईंच्या गच्चीवरचा उन्हाचा बंब

मित्रांनो, काडीपेटीचं तोंडही न पाहिलेला मी एक जुना बंब आहे. कोल्हापुरात शालूबाईंच्या खानावळीच्या गच्चीवर माझा मुक्काम असतो. लोक मला उन्हाचा बंब म्हणतात. आजही सूर्य वर आला की माझ्या अंगात नुसता उत्साह संचारतो!

माझा जन्म १९८० साली फक्रुद्दीन पत्रेवाल्यांच्या दुकानात झाला. एका प्रदर्शनात त्यांनी असा बंब पाहिला आणि तहानभूक विसरून मला घडवलं. काळा रंगवलेला पत्रा, त्यावर तांब्याच्या नळ्या, वर काच आणि डोक्यावर भाताच्या तुसात गुंडाळलेली टाकी, एवढाच माझा संसार.

तांबड्या रश्श्याची ताटं गार पाण्याने काही निघत नाहीत. त्यासाठी शालूबाईंकडे पाण्याची वेगळी चूल दिवसभर धुमसत असे. त्या धुराच्या खोकल्याने त्या पार हैराण झाल्या होत्या. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, एक तर ही चूल बंद करा, नाही तर खानावळ. नवऱ्याच्या माघारी घर त्याच खानावळीवर चाललं होतं.

"वैनी, आठवडाभर बघा. पाणी तापलं न्हाय तर माझ्या हातानं मोडून भंगारात घालतो," मला त्यांच्या गच्चीवर बसवून फक्रुद्दीन म्हणाले.

मी जीव तोडून काम केलं. रोज वाफाळतं पाणी दिलं. पण आठवडा संपायच्या दिवशी, बाहेर लख्ख ऊन असताना, माझ्या तोटीतून गारढोण पाणी आलं. सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे अंधार होता, पण सांगणार कोणाला? शालूबाई पुन्हा खोकत खोकत चुलीपुढे बसल्या.

फक्रुद्दीन पडलेल्या चेहऱ्याने पक्कड घेऊन वर आले, आणि मला बघून कपाळाला हात लावून हसतच सुटले. माझ्या काचेवर मिरच्याच मिरच्या! वर्षाची चटणी करायचे दिवस होते ना. शालूबाईंच्या सासूबाईंनी, आक्कांनी, त्या वाळत घातल्या होत्या.

"आक्का, ह्ये वो काय?"

"एवढी सोच्छ, ऊनऊन काच रिकामी पडली हुती की! बघ, कशा कुडकुडीत वाळल्यात!"

"आवो, त्येच्या वाटणीचं ऊन तुमच्या मिरच्यांनी खाल्लं!"

दुसऱ्या दिवशी माझी काच मोकळी होती. दुपारी आक्कांनी बिनधास्त तोटीखाली हात धरला आणि "आई गं!" म्हणून ओरडल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शालूबाईंनी माझंच गरम पाणी तांब्याभर घेतलं आणि पाण्याच्या चुलीवर ओतलं. ती चूल पुन्हा कधी पेटली नाही.

जळण वाचलं, दोन-तीन वर्षांत माझी किंमत वसूल झाली आणि शालूबाईंचा खोकलाही थांबला. मिरच्यांसाठी आक्कांनी काचेची वेगळी पेटीच करवून घेतली!

आता माझ्या गळक्या नळ्या ठिकठिकाणी डाग देऊन सांधल्यात. मध्ये आक्का आजारी होत्या, तेव्हा काचेवर धूळ साचली आणि माझं पाणी कोमट येऊ लागलं. मित्रांनो, मला लाकूड नको, रॉकेल नको. फक्त काच पुसा आणि माझ्यावर सावली धरू नका.

परवा आक्का काठी टेकत फक्रुद्दीनबरोबर वर आल्या. पदराने माझी काच पुसली आणि गावातल्या उघड्या गच्च्यांकडे बघत राहिल्या.

"फक्रू," त्या म्हणाल्या, "एवढं ऊन वाया चाललंय की रं!"